घुसळलेले ताक आणि पातळ केलेले दही

आज शहरातल्या घरात कढीचा बेत ठरला, की आधी ताक केले जाते. वाटीभर दही पातेल्यात घ्यायचे, रवीने किंवा ब्लेंडरने फिरवायचे, वर दोन वाट्या पाणी घालायचे, झाले ताक. शंभर वर्षांपूर्वीच्या घरात ताक असे मुद्दाम कोणी करत नसे. लोणी काढले जाई आणि ताक उरे. लोणी कढवून तूप होई; ते देवाला, बाळंतिणीला, सणावाराला आणि जमले तर बाजारालाही जाई. ताक मात्र टिकणारे नसल्यामुळे घरच्यांनी, गड्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच दिवशी संपवायचे असे. आपण ज्याला आज बिनदिक्कत ताक म्हणतो ते जुन्या अर्थाने ताकाच्या जागी आलेली वस्तू आहे, आणि ती इतकी रुळली आहे की तिची बदली म्हणून कोणाला आठवणही राहिलेली नाही. केकच्या कृतीत ‘बटरमिल्क’ वाचून जी गृहिणी दुकानात विचारत फिरते, किंवा दुधात लिंबू पिळून वेळ भागवते, ती याच जुन्या वाटेवर एक पाऊल पुढे आहे. ही वाट कुठून निघाली ते पाहण्यासाठी आपण बरेच मागे जाऊ.

कच्छमधल्या कोटडा भडली या हडप्पाकालीन वस्तीत सापडलेल्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली, आणि इसवी सनापूर्वी सुमारे २५०० वर्षांच्या त्या भांड्यांत दूधदुभते हाताळले जात होते असे दिसले. त्या भांड्यांतल्या दुधाचे पुढे काय होई, हे खापरे सांगत नाहीत. ते कळण्यासाठी आपल्याला ग्रंथांकडे यावे लागते आणि पहिली पक्की साक्ष अनपेक्षित ठिकाणी मिळते, ती म्हणजे पाणिनीच्या व्याकरणात. ‘अमक्यात संस्कारलेले खाद्य’ अशा अर्थाचे शब्द कसे घडवायचे हे सांगताना पाणिनी दह्यासाठी एक सूत्र देतो आणि लगेच पुढचे सूत्र उदश्वितासाठी, म्हणजे पाणी घालून घुसळलेल्या ताकासाठी देतो. व्याकरणकाराला नियम करावा लागला, याचा अर्थ ताकात केलेले पदार्थ तेव्हा रोजच्या बोलण्यात होते. आपल्या ताकातल्या पालेभाजीचा वंशवृक्ष निदान तिथपर्यंत जातो.

यानंतर ताकाची मोजदाद सुरू होते, आणि ती फार विचाराने केलेली आहे. चरकसंहितेत मूळव्याधीच्या चिकित्सेत ताकाला मानाचे स्थान आहे. तिथे रोग्याच्या अग्नीचे बळ पाहून तीन प्रकारचे ताक सांगितले आहे: सगळे लोणी काढलेले, अर्धे लोणी काढलेले आणि लोणी मुळीच न काढलेले. म्हणजे चरक ताक ओळखतो ते स्निग्धांशावरून. अमरकोशाची दृष्टी वेगळी आहे, तो पाणी मोजतो. एक चतुर्थांश पाणी घातले तर तक्र, निम्मे पाणी घातले तर उदश्वित, पाणी घातलेच नाही तर मथित. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात या दोन्ही मोजपट्ट्या एकत्र केल्या आणि पाच प्रकार मांडले. साय न काढता, पाणी न घालता घुसळलेले ते घोल. साय काढलेले पण बिनपाण्याचे ते मथित. मग तक्र आणि उदश्वित. आणि शेवटी लोणी काढून पुष्कळ पाणी घातलेली छच्छिका, जिच्यात उत्तरेच्या छाछीची ओळख सहज पटते. या हिशेबाने पाहिले, तर दह्यात पाणी घालून फिरवलेले आपले आजचे ताक म्हणजे पातळ केलेला घोल ठरतो. लोणी त्यातून निघालेलेच नसते.

महाराष्ट्राच्या जवळचे दोन ग्रंथ इथे आठवतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा मानसोल्लास बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात दूध आंबटाने फोडून, गाळून, त्यात तांदळाचे पीठ मिसळून केलेले गोड पदार्थ आहेत. आंबट घालून दूध मुद्दाम नासवण्याची ही क्रिया आपण पुढे पुन्हा पाहणार आहोत, वेगळ्या कारणासाठी. दुसरा ग्रंथ सतराव्या शतकातला, रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताचा भोजनकुतूहल. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाशी त्याचा संबंध आहे, आणि त्यात वैद्यकातली मते आणि स्वयंपाकघरातला व्यवहार शेजारी शेजारी येतात. ताकाला औषधाच्या पेटीतून ताटात येण्यासाठी वेगळा प्रवास करावा लागला नाही. ते दोन्हीकडे आधीपासूनच होते.

आता ग्रंथ जरा बाजूला ठेवून डेऱ्यापाशी बसू. घुसळखांबाला बांधलेली रवी, तिच्या दांड्याला वेढे दिलेला दोर, डेऱ्यात दोन-तीन दिवसांचे सायीसकट विरजलेले दही. दोराची टोके आळीपाळीने ओढली की रवी उलटसुलट फिरते. सुरुवातीला आवाज जड असतो, मग दही मोडते आणि तो पातळ होत जातो. उन्हाळ्यात गार पाणी घालायचे आणि थंडीत कोमट, कारण स्निग्धांश फार मऊ झाला तर लोणी चिकट होते, फार घट्ट राहिला तर एकत्रच येत नाही. योग्य वेळ आली की रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण चिकटू लागतात, आवाज पुन्हा बदलतो आणि सराईत बाई डेऱ्यात न बघताच हात थांबवते. या घुसळण्यात नुसते लोणी वेगळे होत नाही. दुधातल्या स्निग्ध थेंबांभोवती एक पातळ आवरण असते; रवीच्या माराने ते फुटते आणि त्यातली लेसिथिनसारखी द्रव्ये लोण्याबरोबर न जाता मोठ्या प्रमाणात ताकात उतरतात. तेल आणि पाणी यांना एकजीव ठेवण्याचा गुण या द्रव्यांत असतो. म्हणून लोणी निघून गेलेले ताक जिभेला रोडके लागत नाही, त्याला अंग असते. पातळ केलेल्या दह्यात स्निग्धांश जास्त असूनही हे अंग येत नाही, आणि जुन्या ताकाची चव आठवणारी माणसे ‘ते ताक वेगळेच होते’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या म्हणण्याला ठोस आधार असतो.

एकनाथांच्या एका गौळणीत हरीला पाहून भान हरपलेली राधा रिकामाच डेरा घुसळत बसते. ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला रोज पहाटेचे ते काम ठाऊक होते म्हणून ती ओळ आजवर टिकली. ताकाचा सामाजिक व्यवहारही याच रोजच्या घुसळण्यावर उभा होता. ज्याच्या घरी दुभते असे त्याच्याकडे शेजारी गडू घेऊन येत आणि ताक विकणे कमीपणाचे मानले जाई. मागायला जायचे आणि भांडे मात्र पदराआड धरायचे, हा संकोच म्हणीत जाऊन बसला तो या देवघेवीतूनच. ज्यांच्या घरी जनावर नव्हते त्यांच्या पोटात भाकरीबरोबर ताक जाई ते शेजाऱ्यांच्या डेऱ्यातून. ताकाचा तुटवडा म्हणजे काय हे गावाला फारसे माहीत नव्हते, दुष्काळाची वर्षे सोडून.

कोकणाची गोष्ट मात्र वेगळी. भरपूर पाऊस, कातळावरचे निकस गवत, लहान चणीची जनावरे; दूध तिथे देशावरच्या मानाने नेहमीच बेताचे. त्या मुलखाने नारळाचे दूध काढले, त्यात आमसुलाचे आगळ घातले, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून लावली आणि भाताच्या शेवटी ओतण्यासाठी सोलकढी तयार केली. ताकाच्या कढीचे स्निग्धपण नारळाने दिले, आंबटपणा आमसुलाने दिला. सोलकढी स्वतंत्र पदार्थ आहेच, पण ताटातली तिची जागा ताकाचीच आहे असे माझे मत आहे. गायीम्हशीशिवाय ताकाचे काम भागवण्याची यापेक्षा सुंदर युक्ती मला कुठल्याही मुलखात दिसलेली नाही.

दूरच्या आयर्लंडमध्येही लोणी बाजाराला आणि ताक घरात, अशीच वाटणी होती. १८४५च्या बटाट्याच्या दुष्काळापूर्वी तिथल्या गरीब कुळांचे जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि सोबत आंबट ताक. फरक इतकाच की आपण दही घुसळतो, तिकडे साय साठवून ती आपोआप आंबट झाली की घुसळत. उरे ते ताक आंबटच. एकोणिसाव्या शतकात त्या ताकाला एक नवा जोडीदार मिळाला. १७९१ साली निकोला लब्लांने मिठापासून सोडा करण्याची कृती फ्रान्समध्ये नोंदवली आणि पुढच्या काही दशकांत खाण्याचा सोडा स्वस्त झाला. त्याआधी अमेरिकेतल्या घरांत लाकडाच्या राखेतून काढलेला खार पिठात घालत; १७९६ साली हार्टफर्डला छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाकपुस्तकात तो आढळतो. खाराला किंवा सोड्याला आंबट भेटले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. आंबट ताक तर घरोघरी पडलेले. आयर्लंडच्या मऊ गव्हाला यीस्ट फारसे मानवत नसे, तिथे सोडा आणि ताक यांच्या बळावर पाव होऊ लागला. अमेरिकेत ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट यांनी १८४६ साली सोड्याचा धंदा सुरू केला आणि तव्यावरच्या पॅनकेकपासून बिस्किटांपर्यंत सगळीकडे ‘एक कप ताक, अर्धा चमचा सोडा’ हे प्रमाण बसले. चरकाने लोणी मोजले, अमरकोशाने पाणी मोजले, आणि इथे पहिल्यांदा ताकाचा आंबटपणा मोजला गेला, तोही पिठाच्या फुगण्यावरून.

तो आंबटपणा नेमका कशाचा हे स्वीडनच्या कार्ल शेलने १७८० सालीच नासलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे काढून दाखवले होते. पास्तरने १८५७ साली ते आम्ल सूक्ष्म जीव तयार करतात हे सांगितले आणि १८७८ साली जोसेफ लिस्टरने दूध आंबवणारा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला. विरजणाचे कोडे असे उलगडत असतानाच, त्याच १८७८ साली, स्वीडनमध्येच गुस्ताफ द लावालने साय वेगळी करणारे चक्रयंत्र बनवले, आणि माझ्या दृष्टीने ताकाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खंड इथे पडला. आतापर्यंत साय वर यायला दूध तासन्‌तास ठेवावे लागे आणि तेवढ्यात ते आंबू लागे. आता ताज्या दुधातून क्षणात ताजी साय निघू लागली. डेन्मार्कमध्ये १८८२ साली हीडिंगला पहिली सहकारी लोणी-डेअरी निघाली आणि लोणी कारखान्यात गेले. ताज्या सायीच्या लोण्याला जुना वास येईना म्हणून व्हिल्हेल्म स्टॉर्च या डॅनिश शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास निवडक जिवाणूंचे विरजण सायीला लावण्याची रीत बसवली. घरच्या विरजणाची वाटी प्रयोगशाळेत गेली ती अशी. लोणी घरातून गेल्यावर ताकही गेले.

गेलेल्या ताकाला परत बोलावणे आले ते वैद्यकाकडून. १९०५ साली जिनिव्हात स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने आपल्या देशाच्या दह्यातला जिवाणू ओळखला आणि पॅरिसच्या पास्तर संस्थेतल्या मेचनिकॉफने आंबट दुधाने आयुष्य वाढते असे मांडून युरोप-अमेरिकेत एकच लाट उठवली. मागणी आली, पण डेरे बंद पडले होते. म्हणून डेअऱ्यांनी साय काढलेल्या दुधालाच थेट विरजण लावायला सुरुवात केली. कोमटाहून कमी तापमानावर, बारा-सोळा तास, लोण्यासारखा वास देणारे जिवाणू घालून ते दाटसर होऊ देत आणि ‘बटरमिल्क’ म्हणून बाटलीत भरत. आज अमेरिकेच्या दुकानात त्या नावाचा जो खोका मिळतो तो हाच. त्यातून लोणी कधी निघालेलेच नसते, आपल्या पातळ केलेल्या दह्यासारखेच. दोन दूरच्या मुलखांनी एकाच अडचणीतून एकसारखीच वाट काढली, एवढेच की एकाने ती कारखान्यात काढली आणि दुसऱ्याने ओट्यापाशी.

आपल्याकडे डेरा कसा गेला ते आता पाहू. गुजरातेत आणंदला पोलसनची डेअरी १९३०च्या सुमारास उभी राहिली. तिचे लोणी साठवून आंबलेल्या सायीचे असे आणि मुंबईकरांना त्याच चवीची सवय होती. १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदलेल्या खेडा जिल्ह्यातल्या सहकारी दूध संघाचे ‘अमूल’ लोणी ताज्या सायीचे निघाले, तेव्हा गिऱ्हाइकाला ते फिके वाटले आणि संघ चालवणाऱ्या कुरियनांच्या माणसांना चवीसाठी उपाय करावे लागले. ताज्या सायीतून उरणारे ताक आंबट नसते. ते भुकटीत किंवा दुधात परत मिसळले जाते, कोणाच्या गडूत पडत नाही. इकडे मुंबईत दारा खुरोडी यांनी त्याच सुमारास टोन्ड दूध आणले. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते तीन टक्के स्निग्धांशावर आणायचे, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त मुले दूध पितील. हे थोर काम होते. पण तीन टक्क्यांच्या दुधावर धरेल ती साय पातळ, आणि पातळ सायीवर रोज घुसळण चालत नाही. १९७० साली दूधमहापूर योजना सुरू झाली आणि गावचे दूधही सकाळ-संध्याकाळ संघाच्या कॅनमध्ये जाऊ लागले. ज्या घरात दोन म्हशी होत्या तिथे दुधाचे पैसे आले, ते फार मोलाचे होते. पण शेजाऱ्याच्या गडूतले ताक मात्र आटले. त्या ताकावर ज्यांची भाकरी ओली होत होती त्यांची नोंद दुधाच्या कुठल्याही हिशेबात झाली नाही, आणि ही गोष्ट मला बोचते.

शहरातल्या बायकांनी तरीही धागा सोडला नाही. पिशवीचे दूध तापवून, गार करून त्यावरची साय डब्यात जमवायची, डबा फ्रीजमध्ये, आठवड्याने बाहेर काढून विरजण लावायचे आणि मिक्सरच्या भांड्यात गार पाणी घालून फिरवायचे. लोण्याचा गोळा वर येतो आणि खाली उरते ते अस्सल ताक, चरकाच्या अर्थानेही आणि आजीच्या अर्थानेही. ज्या घरात हे अजून चालते त्यांनी ते ताक फेकू नये. एकजीव केलेले, म्हणजे होमोजनाइज्ड, दूध घेणाऱ्यांना मात्र ही सोय नाही, कारण त्यातले स्निग्ध थेंब यंत्राने इतके बारीक केलेले असतात की साय नीट धरतच नाही.

मग ताक नसेल तेव्हा काय करायचे? त्याचे उत्तर आपण मागे टाकलेल्या वाटेवरच आहे: लोणी, पाणी आणि आंबटपणा यांपैकी पदार्थाला काय हवे ते आधी ओळखायचे. ताकातल्या तांदळाच्या उकडीला आंबटपणा आणि पाणी हवे. लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग यांच्या फोडणीत ताकात कालवलेले पीठ पडते आणि झाकणाखाली शिजते. ताक आंबट नसेल तर ती उकड नुसती खळ लागते. दही गोड असेल तर ते रात्रभर फ्रीजबाहेर ठेवावे, तेवढा वेळ नसेल तर दह्याचे पातळ ताक करून शेवटी लिंबू पिळावे. कढीला आंबटपणाबरोबर अंग हवे, म्हणून तिथे दही थोडे जास्त आणि डाळीचे पीठ आधीच नीट मिसळलेले, कारण पिठातला स्टार्च दुधातल्या प्रथिनाला उष्णतेत फाटू देत नाही. सोड्यावर फुगणाऱ्या केकला किंवा पॅनकेकला दाटपणा आणि मोजका आंबटपणा हवा. आपले जेवणातले पातळ ताक तिथे घातले तर आम्ल कमी पडते, सोडा शिल्लक राहतो आणि केक बसका होऊन खारट-कडवट लागतो. त्यासाठी पाऊण कप दही आणि पाव कप पाणी हे प्रमाण बरोबर बसते. दहीही नसेल तर कपभर दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवायचे. मानसोल्लासातल्या आचाऱ्याने जे गोडासाठी केले तेच, फक्त न तापवता आणि न गाळता. दूध किंचित फाटते, पीठ फुगण्यापुरते आम्ल मिळते. पण जिवाणूंनी रात्रभर केलेला वास त्यात नसतो, म्हणून ते प्यायला किंवा कढीला घेऊ नये. झटपट ढोकळ्यात तर एनोच्या पुडीत सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल आधीच असते, त्यामुळे तिथे ताक चवीपुरतेच उरते. दूध चालत नाही अशांनी नारळाच्या किंवा सोयाच्या दुधात लिंबू पिळून काम भागवावे. कोकणाने हे फार आधी करून ठेवले आहे.

अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत या इतिहासाची दोन टोके एकत्र येतात. तिथे विरजण मिळेना, तेव्हा अनेकांनी दुकानातले बटरमिल्क चमचाभर कोमट दुधात घालून दही लावले, आणि ते लागले, कारण त्या खोक्यातले जिवाणू जिवंत असतात. त्या दह्याची चव घरच्यासारखी नसते, ते थोडे तारेचे आणि लोण्याच्या वासाचे होते. दूध जास्त गरम असताना विरजण घातले तर लागतही नाही, कारण हे थंड मुलखातले जिवाणू आहेत. कढीला ते बटरमिल्क थेट घेतले तर कढी पिठल्यासारखी दाट होते. त्यात निम्मे पाणी घालून त्याचे उदश्वित करावे लागते, आणि मीठ शेवटी, चाखून, कारण खोक्यात ते बहुधा आधीच घातलेले असते.